विश्लेषण : एक आदेश, तीन हजार संगणक! समुद्राच्या अंदाजामागची यंत्रणा चालते कशी?

वरळी कोळीवाड्यातल्या तांडेलाच्या मोबाइलवर येणाऱ्या ‘समुद्रात जाऊ नये’ या इशाऱ्यामागे पुण्यातल्या हजारो संगणकांचे गणित असते. एवढ्या संगणकांना एकाच वेळी काम कसे सांगितले जाते, ते झाले की नाही हे कसे कळते आणि सांगण्यातच चूक झाली तर काय होते, याविषयी…

२६ मे २०२५ या दिवशी दोन गोष्टी एकदम घडल्या. मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. गेल्या ७५ वर्षांतले ते सर्वांत लवकरचे आगमन होते. त्याच दिवशी नवी दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या हवामान अंदाजाच्या नव्या प्रणालीचे लोकार्पण झाले. हा निव्वळ योगायोग, पण वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीसाठी दोन्ही बातम्या एकाच प्रश्नाला भिडणाऱ्या होत्या. आज होडी काढायची की क्लीव्हलँड बंदरातच बांधून ठेवायची?

यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा म्हणजे हंगामाची शेवटची कमाई. होडी काढली तर डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च होतो, नाही काढली तर दिवस वाया जातो. वारा किती वाहणार आणि लाट किती उठणार, याचा अंदाज इथे थेट पैशाचा आणि जिवाचा हिशेब ठरवतो. हा अंदाज जिथे तयार होतो, ती यंत्रणा समजून घेऊ.

हे गणित होते कुठे?

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. तिथे ‘अर्क’ नावाचा महासंगणक बसवलेला आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. गंमत म्हणजे त्या दिवशी पंतप्रधानांचा नियोजित पुणे दौरा पावसामुळे रद्द झाला आणि हवामानाच्या महासंगणकाचा कार्यक्रम दूरदृश्य प्रणालीवरून उरकावा लागला.

‘अर्क’ हे नाव एकाचे असले तरी तो एक संगणक नाही. त्यात ३,०२१ स्वतंत्र संगणक आहेत. प्रत्येकाला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी आहे. अतिवेगवान जाळ्याने ते एकमेकांना जोडलेले आहेत. अशा संचाला ‘क्लस्टर’ म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक संगणकाला ‘नोड’. या नोडना मॉनिटर नसतो, कीबोर्ड नसतो. कपाटांसारख्या उंच रॅकमध्ये ते ओळीने बसवलेले असतात. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून कोणी बसत नाही. त्यांना जे काही सांगायचे ते दुरूनच.

एकच मोठा संगणक का नाही?

याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. १९८०च्या दशकात भारताला अधिक ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक महाकाय प्रोसेसर घडवण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून देणे, ही त्यामागची कल्पना होती. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये साध्या, बाजारात मिळणाऱ्या १६ प्रोसेसरांचा ‘बिओवुल्फ’ हा संच उभा राहिला. आज जगातले जवळपास सगळे महासंगणक याच वाटेने जातात.

हवामानासाठी ही वाट सोयीची आहे. अंदाज काढताना पृथ्वीवर चौकटी आखल्या जातात आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, बाष्प, दाब यांची गणिते सोडवली जातात. चौकटींचे गट पाडायचे आणि एकेक गट एकेका नोडला द्यायचा. शेजारच्या चौकटीतला वारा आपल्या चौकटीत शिरणार असल्याने नोड सतत एकमेकांना आकडे कळवत राहतात.

पूर्वी जागतिक अंदाजाची चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. नव्या प्रणालीत ती ६ किलोमीटरवर आली. १२ किलोमीटरची एक चौकट म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे अख्खे मुंबई बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटर, म्हणजे त्या चौकटीच्या निम्म्याहून कमी! ६ किलोमीटरची चौकट ३६ चौरस किलोमीटरची होते. मात्र चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय गणिताचा वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. त्यामुळे काम साधारण आठपट वाढते. म्हणून ‘अर्क’ लागतो.

तीन हजार संगणकांना काम सांगतात कसे?

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन एकेका संगणकावर सॉफ्टवेअर टाकत फिरलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. तीस संगणकांत दुपार जाते. तीन हजारांत काय होईल?

दुरून आदेश देण्याचे सर्वांत रूढ साधन म्हणजे एसएसएच. आपल्या संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी कुलूपबंद वाहिनी जोडायची, तिकडे आदेश चालवायचा आणि त्याचे उत्तर आपल्या पडद्यावर आणायचे, एवढेच त्याचे काम. आता हिशेब करू. जोडणी, आदेश आणि उत्तर मिळून एका नोडला दोन सेकंद लागतात असे धरा. एकापाठोपाठ एक गेलो तर ३,०२१ नोडना ६,०४२ सेकंद, म्हणजे सुमारे १ तास ४० मिनिटे लागतील.

म्हणून दुसरी पद्धत, एकदम अनेकांशी बोलण्याची. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेले पीडीएसएच हे साधन असेच काम करते. ते मुळात ३२ जोडण्या एका वेळी उघडते. एक काम संपले की त्या जागी पुढचा नोड घेते. याच हिशेबाने साधारण ९५ फेऱ्या होतात आणि सव्वातीन मिनिटांत सगळ्यांपर्यंत आदेश पोहोचतो.

मग एकदम ३,०२१ जोडण्या का उघडत नाहीत? आदेश देणाऱ्या संगणकाचाही दम असतो. हजारो जोडण्यांची कुलपे एकाच वेळी लावता-उघडता तोच गुदमरतो आणि जाळ्यावरही ताण येतो.

त्यावर तिसरी पद्धत निघाली, झाडाच्या फांद्यांसारखी. मुख्य संगणक ३२ जणांना निरोप देतो, ते प्रत्येकी ३२ जणांना आणि ते पुन्हा ३२ जणांना. पहिल्या पायरीत ३२, दुसरीत १,०२४, तिसरीत ३२,७६८ जणांपर्यंत पोहोचता येते. तीन हजारांना तीन पायऱ्या पुरतात. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या संगणकतज्ज्ञांनी तयार केलेले क्लस्टरशेल हे साधन ही पद्धत वापरते.

निरोप पोहोचला, पण उत्तराचे काय?

इथेच खरी मेख आहे. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाइल अचानक मोठ्याने वाजले होते. आपत्तीच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. तो संदेश एकतर्फी होता. एका टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना तो गेला, पण कोणी वाचला आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. क्लस्टरमध्ये हे चालत नाही. तिथे प्रत्येक नोडकडून उत्तर यावेच लागते.

उत्तरे तीन प्रकारची असतात. ‘काम झाले’, ‘काम फसले’ आणि तिसरे म्हणजे काहीच उत्तर नाही. त्यातले तिसरे सर्वांत अवघड. नोड बंद पडला आहे की फक्त केबल सैल झाली आहे? की काम करतो आहे, पण हळू? दुरून हे सांगता येत नाही. म्हणून ‘इतके सेकंद वाट पाहा, नाही तर पुढे जा’ अशी मुदत घातलेली असते. मुदत संपलेल्यांची यादी वेगळी निघते आणि त्यांची दुसऱ्या वाटेने चौकशी होते.

किनाऱ्यावरच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार संपर्काबाहेर गेले होते. २ डिसेंबरला त्यांपैकी ६८ होड्या ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्याचे कळले. घरच्यांना उत्तर मिळत नव्हते, पण होड्या बुडालेल्या नव्हत्या, दुसऱ्याच बंदरात होत्या. काही कुटुंबांच्या वाट्याला मात्र तसे उत्तर कधीच आले नाही. ‘संपर्क नाही’ आणि ‘नाहीसा झाला’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्या याचसाठी.

तीन हजार उत्तरे वाचायची कशी, हाही प्रश्न असतो. त्यासाठी सारखी उत्तरे एकत्र बांधली जातात. ३,०१८ नोडनी एकच उत्तर दिले असेल तर ते पडद्यावर एकदाच दिसते आणि वेगळे बोलणारे तीन नोड त्याखाली. लक्ष त्या तिघांकडेच द्यायचे असते.

हवामानाचे मॉडेलही असेच चालू करतात का?

पूर्णपणे नाही. वरच्या पद्धती देखभालीसाठी असतात. मेमरी ठीक आहे का, साठवणूक जोडलेली आहे का, तापमान वाढले आहे का, सगळ्यांची घड्याळे जुळलेली आहेत का, अशी तपासणी त्यातून होते. प्रत्यक्ष गणितासाठी ‘शेड्यूलर’ नावाचा कारभारी असतो. शास्त्रज्ञ दुरून प्रवेशाच्या संगणकावर येतात आणि ‘मला इतके नोड, इतका वेळ हवा’ असे कामाचे पत्रक देतात. शेड्यूलर मोकळे नोड शोधतो, ते राखून ठेवतो आणि त्या सगळ्यांवर एकाच वेळी काम सुरू करतो. काम संपले की नोड पुढच्याला देतो.

हवामानाच्या कामाला वेळेची शिस्त असते. जागतिक निरीक्षणांच्या ठरलेल्या वेळांपैकी एक आपल्याकडे पहाटे ५.३० ला, दुसरी सायंकाळी ५.३० ला येते. उपग्रह, जहाजे, फुगे, किनाऱ्यावरची केंद्रे यांचे आकडे गोळा होतात आणि मग मॉडेल सुरू होते. आधीच्या ‘प्रत्युष’ महासंगणकाला ज्या कामासाठी १० तासांपर्यंत लागत, ते ‘अर्क’ सुमारे ४ तासांत करतो, असे लोकार्पणाच्या वेळी सांगण्यात आले.

मधेच एखादा नोड बंद पडला तर? त्याच्या वाट्याच्या चौकटींचे आकडे शेजाऱ्यांना मिळत नाहीत आणि अनेकदा सगळे कामच थांबते. म्हणून काम सुरू होण्याआधी आजारी नोड शोधून बाजूला काढणे महत्त्वाचे. शिवाय ठरावीक वेळाने गणिताची मधली स्थिती जपून ठेवतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. वादळाच्या दिवशी दोन तास उशिरा आलेला अंदाज कितीही अचूक असला तरी होडी तोपर्यंत निघून गेलेली असते.

ही किल्ली चुकीच्या हाती पडली तर?

१९८० च्या दशकात दुरून आदेश देण्यासाठी आरएसएच हे साधन वापरत. त्यात सारा मजकूर उघडाच जाई. वाटेत जाळ्यावर कान लावून बसलेल्याला तो वाचता येई. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तिथल्याच तातू यल्योनेन या संशोधकाने एसएसएच तयार केले.

यात किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली आपल्याजवळ राहते. तिची सार्वजनिक जोडीदार प्रत्येक नोडवर ठेवलेली असते. दोन्ही जुळल्याशिवाय दार उघडत नाही आणि खासगी किल्ली जाळ्यावरून कधीच पाठवली जात नाही. तीन हजार पासवर्ड टाइप करण्याची गरजही राहत नाही.

सोय आणि धोका मात्र एकत्र येतात. मे २०२० मध्ये ब्रिटनचा ‘आर्चर’ आणि जर्मनीतले अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले. कुलूप फोडले गेले नव्हते. वापरकर्त्यांची प्रवेशाची ओळख चोरून हल्लेखोर आत शिरले होते. एका माणसाची किल्ली गेली की तिने उघडणारी सगळीच दारे गेली.

आणि आदेशच चुकीचा असेल तर?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. ९ च्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तोडले होते. असा आदेश अडवण्यासाठी तपासणीचे साधन होते, पण त्यातच दोष निघाला. दुरून दुरुस्ती करायची तर वाटच उरली नव्हती. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या महासंगणकावर जुन्या नोंदी पुसण्याचे नेहमीचे काम चालू होते. ते चालू असतानाच आदेशांच्या फायलीची नवी आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी ती वाचली गेली आणि काय पुसायचे हे सांगणारी जागा रिकामी राहिली. सुमारे ३.४ कोटी फायली, ७७ टेराबाइट संशोधन पुसले गेले. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी चार गटांचे काम परत मिळवता आले नाही.

संगणक आदेशाचा हेतू ओळखत नाही, अक्षरे पाळतो. एका संगणकावरची चूक एका संगणकापुरती राहते. तीच तीन हजारांवर पाठवली की परत बोलावायला वेळ मिळत नाही.

मग काळजी काय घेतात?

पद्धती साध्या आहेत, पाळणे अवघड. आदेश आधी एका नोडवर, मग दहांवर, मग सगळ्यांवर. पुसण्याआधी काय पुसले जाणार याची यादी नुसती छापून पाहायची. फार जणांकडून ‘फसले’ असे उत्तर येऊ लागले की पुढचे आपोआप थांबवायचे. एकाला सगळे अधिकार द्यायचे नाहीत आणि कोणी कधी काय सांगितले याची नोंद ठेवायची.

आणखी एक बदल आदेशाच्या भाषेतच झाला. ‘हंड्यात एक कळशी पाणी ओता’ असे सांगितले आणि चुकून दोनदा सांगितले गेले, तर पाणी सांडते. ‘हंडा भरलेला असू द्या’ असे सांगितले तर कितीही वेळा सांगा, बिघडत नाही. २०१२ मध्ये आलेल्या अन्सिबलसारख्या साधनांनी ही दुसरी भाषा रूढ केली. ज्या नोडला उत्तर देता आले नाही, त्याला पुन्हा निर्धास्तपणे सांगता येते.

तुमच्या मोबाइलवरही हेच घडते. ॲपची नवी आवृत्ती शेजाऱ्याला आज आणि तुम्हाला चार दिवसांनी का मिळते? थोड्या फोनवर आधी पाठवून, बिघाड नाही असे पाहून मगच ती सगळ्यांना देतात. हरवलेला फोन दुरून कुलूपबंद करण्याची सोयही याच कुटुंबातली.

वरळीला याचा उपयोग किती?

मॉडेलचे आकडे थेट होडीपर्यंत येत नाहीत. हवामान विभागाचे तज्ज्ञ ते तपासतात, निरीक्षणांशी ताडून पाहतात आणि मच्छीमारांसाठी इशारा काढतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था स्वतःच्या मॉडेलवरून लाटांचा आणि समुद्रस्थितीचा अंदाज देते. वरळीच्या होड्या बहुतेक छोट्या आणि किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या. वाऱ्याचा जोर त्यांना लवकर जाणवतो. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटरवरून वाढवण्याची मागणी इथल्या मच्छीमारांनी लावून धरली आणि ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. वाऱ्याने होडी खांबावर ढकलली जाण्याची भीती हे त्यातले एक मुख्य कारण होते.

चौकट ६ किलोमीटरची झाली तरी बंदराच्या तोंडाशी अचानक उठलेला वारा तिच्यात दिसेलच असे नाही. अंदाज म्हणजे शक्यता, हमी नव्हे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते. त्यापलीकडे जाणाऱ्या होड्यांसाठी २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारे देणारे ‘जेमिनी’ उपकरण आणले गेले. पण तेही एकतर्फीच. इशारा होडीपर्यंत जातो, होडीचे उत्तर किनाऱ्यावर येत नाही.

आणि इशारा मिळाल्यावरचा निर्णय माणसाचाच असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. हवामान विभागाचे इशारे आधी आलेले होते. तरी पी-३०५ हा तराफा २६१ जणांसह मुंबई हायच्या परिसरात राहिला आणि बुडाला. ६० हून अधिक जणांचा जीव गेला.

पुण्यातल्या यंत्रणेला ३,०२१ पैकी कोणते तीन नोड गप्प आहेत, हे मिनिटांत कळते. वादळाच्या संध्याकाळी बंदरातून किती होड्या गेल्या, किती परतल्या आणि कोणाचे उत्तर आलेले नाही, हे किनाऱ्यावर तितक्याच लवकर कळायला हवे. महासंगणकाचा वेग वाढला आहे. आता वेग वाढायला हवा तो या मोजणीचा.